कड वाचणारा माणूस

शेठच्या दुकानात मी एकतीस वर्षं चांदी घासली. पहिल्या दिवशी त्यांनी काय घासायचं ते एका वाक्यात उरकलं. काय घासायचं नाही, ते दाखवून सांगितलं. गादीखालचा एक खण ओढला, त्यातले गोल बिल्ले दाखवले आणि म्हणाले, "बाई, दुकानातलं सगळं घासा. ताटं, वाट्या, पैंजण, अगदी तराजूसुद्धा. याला मात्र हात लावायचा नाही."

बिल्ले काळेकुट्ट होते. मला वाटलं, माणूस आळशी आहे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. नवरा कामाचा नव्हता, म्हणून मी कामाला लागले. जुन्नरच्या पेठेत सराफांची दुकानं बरीच आहेत, त्यातलं हे लहान. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण कितीतरी पिढ्या इथं गेलेल्या. शेठ बोलायचे आमच्यासारखंच, फक्त त्यांच्या बोलण्यात शिवी नसायची. सकाळी देरासरात, त्यांच्या जैन देवळात, पूजा करून यायचे, पाणी उकळून गाळून प्यायचे, दिवस मावळायच्या आत जेवायचे. दुकानाच्या उंबऱ्यावर मुंग्या आल्या तर मला झाडू लावू द्यायचे नाहीत. मुंग्या जाईपर्यंत गिऱ्हाईक बाहेर उभं.

असा माणूस लढाया गोळा करायचा.

खणात तेच होतं. कुठल्या लढाईचा बिल्ला, कुठल्या वेढ्याचा, कुठल्या तहाचं नाणं. लोक मोडीत घेऊन यायचे, दुसरा सराफ वजन करून वितळवून टाकायचा. शेठ तसं करत नसत. आधी डोळ्याला भिंग लावायचे आणि बिल्ला उभा धरून त्याची कड फिरवायचे. कडेवर, बिल्ल्याच्या जाडीवर, बारीक इंग्रजी अक्षरांत ज्याला तो मिळाला त्याचं नाव ठोकलेलं असतं. मला हे आधी माहीत नव्हतं. पुष्कळांना अजून नाही.

"तोंड राजाचं, पाठ देवाची, कड माणसाची," असं ते म्हणायचे. कॉलेजातले शिकलेले लोक कधीमधी बघायला यायचे. त्यांनी तोंडाकडून बघायला सुरुवात केली की शेठ खण बंद करायचे.

सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम ठरलेलं. खणातले कुठलेही तीन बिल्ले काढायचे, त्यावरची तीन नावं मोठ्यानं वाचायची आणि परत ठेवायचे. ना त्यांच्या जातीची, ना नात्याची. शेठाणी वरच्या जिन्यातून ओरडायच्या, "यांना जिवंत गिऱ्हाईक दिसत नाही, मेलेलं लगेच दिसतं."

समोरच्या कापडवाल्यानं एकदा विचारलं, "शेठ, तुमी मुंगी मारत न्हाई आन् ह्या लढाया कशाला सांभाळता?"

शेठ म्हणाले, "लढाई मी केली नाही. पण भट्टीत हा टाकला तर याला मारणारा मीच."

कापडवाला हसला. मी हसले नाही. मला वाटलं, हा माणूस एकतर वेडा आहे, नाहीतर आपल्या सगळ्यांपेक्षा शहाणा आहे. एकतीस वर्षांत मला ते नक्की ठरवता आलं नाही.

एका पोळ्याला वेशीतून बैलांची मिरवणूक चालली होती. शेठ गादीवर, समोर गिऱ्हाईक, गिऱ्हाइकाच्या हातात पैंजण. एका बैलाच्या कपाळावर कवड्यांचा पट्टा होता आणि मधोमध एक पांढरा बिल्ला. शेठ उठले, चपला न घालता रस्त्यावर उतरले आणि धोतर सावरत बैलामागं निघाले. दुकान उघडं. मी गिऱ्हाइकाला म्हटलं, "बसा, बाई. मालक बैलाशी बोलायला गेलेत."

नदीपर्यंत गेले. बैल मान हलवतोय आणि हे त्याच्या शिंगांच्या मध्ये तोंड घालून कड वाचतायत. बैलाचा मालक आहुप्याकडचा, पाव्हण्यांकडे आलेला. तो म्हणाला, "शेठ, बैल घ्यायचाय का काय?"

"बैल नको. त्याच्या कपाळावरचा माणूस पाहिजे."

मग त्यांनी ते नाव वाचून दाखवलं. मालकानं ते ओळखलं. त्याच्या आज्याचा भाऊ. घरात कुणी त्याचं नाव घेत नव्हतं, कारण तो परत आलाच नाही. बिल्ला तेवढा ट्रंकेत सापडला, चकचकीत दिसला, म्हणून बैलाला बांधला. शेठनी त्याला त्याच दिवशी चांदीचं नवं फूल करून दिलं बैलासाठी आणि बिल्ला त्याच्याच हातात ठेवला. स्वतः नाही ठेवून घेतला. अट एकच: "नाव मोठ्यानं घ्या. इथंच." तो भर बाजारात लाजत लाजत नाव घेऊन गेला.

ज्या गावाहून बिल्ला मोडीत यायचा, त्या गावाला शेठ कार्ड टाकायचे. तुमच्याकडचा अमुक नावाचा माणूस माझ्याकडे आहे, घेऊन जा. धरणात गेलेल्या गावांची कार्डं परत यायची. मग शेठ स्वतः एसटीनं जायचे, ती माणसं कुठं उठून गेलीत ते विचारत. ज्याचं कुणीच सापडायचं नाही, तो खणात राहायचा.

त्यांनी मला इंग्रजी अक्षरं शिकवली ती या कडांवरून. त्यांच्याकडं अक्षरं ठोकायचे पोलादी ठसे होते. एकेक ठसा हातात देऊन सांगायचे. ओ म्हणजे बांगडी. सी म्हणजे पिचलेली बांगडी. के म्हणजे लाथ मारणारा माणूस. बी म्हणजे दोन पोटं. एच म्हणजे एका पायरीची शिडी. आय म्हणजे काठी. ए म्हणजे मध्ये दोरी बांधलेला तंबू. मी चाळिशीत ती शिकले. इंग्रजी मला अजून येत नाही, पण कड वाचता येते.

सगळ्यात जुना बिल्ला श्रीरंगपट्टणच्या वेढ्याचा. त्याच्यावर सिंहानं वाघाला खाली पाडलंय. तो कथलाचा होता. मी म्हटलं, एवढा मोठा वेढा आणि कथील? शेठ म्हणाले, "मोठ्या साहेबाला सोनं, त्याच्या खालच्याला चांदी, शिपायाला कथील. आणि आत अडकले होते त्यांना काहीच नाही." मग म्हणाले, "याच्यावर नाव पण नाही. म्हणून मी त्याला रोज नुसता नमस्कार करतो."

तहाची नाणी मात्र कोरी करकरीत असायची. जशी पाडली तशी. मी विचारलं, असं कसं? ते म्हणाले, "लढाईचा बिल्ला लोक दर सणाला घासतात, बाई. तह कुणी घासत नाही. तह पेटीत पडून राहतो."

आता जी गोष्ट सांगायची ती सांगते. तिच्यात माझी लाज आहे, पण ती वगळली तर हा माणूस कळायचा नाही.

माझं माहेर घाटघरच्या अंगाला. आमच्या देवघरात देवांच्या टाकांबरोबर एक वीर होता. आमच्याकडे कुणी तरणा गडी अवेळी गेला की त्याला वीर करून देवात बसवतात. टाक म्हणजे देवाचं चित्र उठवलेला पत्रा. बाकीचे टाक चौकोनी, हा गोल आणि जाड. त्याच्यावर घोड्यावर बसलेला उघडा माणूस, हातात आखूड तलवार. आमची म्हातारी माणसं सांगायची, आपल्या घरात एक घोडेस्वार होता, लढता लढता पडला. नाव कुणालाच माहीत नव्हतं. वीरबाबा म्हणायचे.

भाऊ गेला, भावजय गेली. मागं दोन भाचे. थोरला चाकणला कंपनीत, धाकटा घरी भातशेती बघतो. दोघं वेगळे व्हायचे होते. आणि वेगळे होताना भांडण कशावरून, तर वीर कुणाकडं. जमीन वाटली, भांडी वाटली, वीर एकच. थोरला म्हणे थोरल्याचा मान. धाकटा म्हणे पूजा मी करतो. दिवाळीपासून एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी गावातल्या चार जणांनी तोडगा काढला: जुना वीर झिजलाय, त्याला नदीत सोडा आणि आईच्या तोड्यांच्या चांदीतून दोन नवे टाक करून घ्या.

म्हणून दोघं एकाच पिकअपमधून आले, एक पुढं बसून आणि एक मागं. माझ्या ओळखीनं शेठच्याच दुकानात. थोरल्यानं तोडे ठेवले आणि रुमालातून वीर काढला.

"ह्याच्यासारखेच दोन बनवा, शेठ. घोडा जरा मोठा घ्या. घट बसायच्या आत पायजेत. ह्यो मंग कुकडीत सोडतो."

शेठनी तो उभा धरला. मला त्यांचा चेहरा पाठ होता, त्यामुळं मला तेव्हाच कळलं. त्यांनी उलटी बाजू बघितली. तिथं आमच्या घरात कुणी कधी बघितलंच नव्हतं, कारण ती बाजू खाली असायची. तिथं दाढीवाला बोडका राजा होता. पहिल्या महायुद्धाचा बिल्ला. वरची कडी तुटलेली. घोड्याच्या पायाखाली आम्ही ज्याला दगड म्हणायचो, ती ढाल होती आणि कवटी.

"कड पुसलीय," शेठ म्हणाले.

"असंल. लई जुना हाय," धाकटा म्हणाला.

"उद्यापासून आमचं पर्युषण. आठ दिवस मी भट्टी पेटवत नाही, जीव मरतात. आठ दिवस हा माझ्याकडे ठेवा. तोपर्यंत मला याचं नाव सापडलं नाही तर खुशाल नदीत सोडा."

"नाव?" थोरला म्हणाला. "वीराला कसलं नाव, शेठ?"

ते गेले. ती कड कुणी पुसली, ते मला माहीत होतं.

शेठनी त्या वर्षी अठाई धरली होती. आठ दिवस अन्न नाही, दिवसा फक्त उकळलेलं पाणी. वय सत्तरीच्या पुढं. शेठाणी म्हणाल्या, दुकान बंद ठेवा. त्यांनी दुकानाची अर्धीच फळी उघडली, गिऱ्हाईक घेतलं नाही आणि वीर घेऊन बसले. डोळे मिटून अंगठ्याचं नख कडेवरून फिरवायचे, चक्र फिरवावं तसं. भिंग नको, म्हणायचे, डोळा फसतो, नख फसत नाही. उन्हात मेण मऊ करून त्यावरून कड लाटून बघितली. मेणावर नुसती सपाट रेघ. रांगोळीची पूड भरून बघितली. पूड वाऱ्यानं उडाली.

"बाई, हा चांदीचा नाही, काशासारखा आहे. लढणाऱ्यांना चांदीचा दिला होता. हा मागच्यांचा. ओझी वाहणारे, पाणी भरणारे. तुमच्या भाच्यांना हे मी सांगितलं नाही. आधी नाव मिळू दे."

पाचव्या दिवशी ते भिंतीला टेकून बसायला लागले. सहाव्या दिवशी ओठ फुटले. नख थांबत नव्हतं. मी पितळेची समई घासत बसले होते आणि माझ्याच हातांकडं बघवत नव्हतं. या हातांचं त्यांनी किती कौतुक केलं होतं. बाईच्या हाताला जोर आहे, म्हणायचे. होताच जोर. लहानपणापासून होता.

सातव्या दिवशी दुपारी मी समई खाली ठेवली.

"शेठ, ती कड मीच घासलीय."

त्यांनी डोळे उघडले.

"माहेरी असताना. दर दसऱ्याला देव उजळायचं काम माझ्याकडं. चिंच, राख आणि विटेची पूड. आई म्हणायची, पोरगी घासती तसं कुणी घासत नाही. लग्न होईपर्यंत घासला. बारा-तेरा दसरे. आठ दिवस मी तुम्हाला सांगितलं नाही."

सातच दिवस झाले होते, पण ते मला सुचलं नाही. मला वाटलं, आता हा माणूस माझ्याकडं बघेल आणि ते बघणं मला सोसायचं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. माझ्या हातांकडं बघितलं. आणि वीर पुढं केला.

"धरा. तेव्हा धरायचात तसा."

"काय?"

"घासायला धरायचात तसा धरा. डाव्या हातात. विचार करू नका."

मी धरला. घोड्याचं डोकं वर, तुटकी कडी तर्जनीच्या बेचक्यात, अंगठा डाव्या कडेला दाबून. पन्नास वर्षं झाली असतील, पण हात विसरत नाही. शेठनी ठसा लावायच्या शाईचं बोट माझ्या अंगठ्याभोवती फिरवलं आणि म्हणाले, "आता सोडा."

अंगठ्याच्या जागेला दोन रेघा उमटल्या होत्या. ते हसले. सात दिवसांच्या उपाशी माणसाचं हसणं मी पहिल्यांदा बघितलं.

"बारा-तेरा दसरे तुम्ही सगळी कड घासलीत. एवढी जागा सोडून. इथं तुमचाच अंगठा होता."

मी देवळात सुद्धा हात जोडून इकडंतिकडं बघणारी बाई आहे, पण त्या वेळी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण त्यांनी बिल्ला माझ्याच हातात दिला. "मला इतकं बारीक दिसत नाही आता. तुम्ही वाचा."

दोन रेघांमध्ये राखेचा जुना मळ अक्षरांत घट्ट बसला होता, म्हणून ती जागा आजवर सपाट लागत होती. तो सुईनं उकरून मी नख लावलं. पिचलेली बांगडी. बांगडी. बांगडी. लाथ मारणारा माणूस.

"सी ओ ओ के," शेठ म्हणाले. "कुक. स्वयंपाकी. पुढं?"

मग थोडी मोकळी जागा. दोन पोटं. शिडी. काठी. पुन्हा लाथ मारणारा. तंबू. पुढं सपाट, तिथून माझी वीट चालली होती.

शेठनी अक्षरं जुळवली. "भिका."

आमच्या घराच्या पाठीमागं ओढ्याच्या कडेला एक वावर आहे. त्याला भिक्याची पट्टी म्हणतात. माझा बाप म्हणायचा, भिक्याच्या पट्टीत नांगर घातला. आई म्हणायची, भिक्याच्या पट्टीतून शेण्या आण. आम्ही ते नाव दिवसातून दहादा घ्यायचो आणि भिक्या कोण, हे कुणी कधी विचारलं नाही. तो देवघरात बसून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी संवत्सरी. त्या दिवशी शेठ ओळखीच्या प्रत्येक माणसापुढं हात जोडून वर्षभराची क्षमा मागायचे, माझ्यापुढं सुद्धा. त्या वर्षी त्यांनी वीरापुढं हात जोडले आणि त्यांचा क्षमेचा शब्द म्हटला. तो मला नीट येत नाही. मी नुसतं "चुकलं" म्हटलं.

भाचे आले. शेठनी सांगितलं. थोरल्याचं तोंड पडलं.

"कुक? म्हंजी आमी इतकी वरसं सैपाक्यापुढं नारळ फोडत व्हतो? गावात कसं सांगायचं, आत्या? घोडा कुणाचा मंग?"

"घोडा सगळ्यांच्या बिल्ल्यावर असतो," शेठ म्हणाले.

मी म्हटलं, "तुझी बायको आठ दिवस माहेरी गेली तर तू हाटेलात पडून असतोस. तो परमुलखात, गोळ्या चालू असताना, शेकडो माणसांना भाकरी घालत होता. तिथंच मेला. तुला घोडा पाहिजे तर जत्रेत लाकडाचा मिळतो."

धाकटा इतका वेळ बिल्ल्याकडं बघत होता. तो म्हणाला, "दादा, भिक्याची पट्टी माझ्या वाट्याला आलीया."

आणि थोरला, जो दिवाळीपासून त्याच्याशी बोलला नव्हता, तो म्हणाला, "आयला, व्हय की."

तेवढं बोलणं झालं आणि शेठनी ते पकडलं. म्हणाले, "नदीत सोडायचं?"

दोघांनीही मानेनं नाही म्हटलं.

"मग तह करा. एक दसरा थोरल्याकडं, एक धाकट्याकडं. ज्याच्याकडून जायचा, त्यानं स्वतः नेऊन पोचवायचा. दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायचा नाही. आणि घासायचा नाही."

"बरं," थोरला म्हणाला.

"बरं म्हणून चालत नाही. तह झाला की नाणं पाडायचं असतं."

"शेठ, आमी काय राजं हाय का?"

"राजे पाळत नाहीत. तुम्ही पाळा."

आईच्या तोड्यांचे शेठनी दोन गोल केले. ठसे घेऊन स्वतः बसले, अठाईचं पारणं होऊन दोन दिवस झाले नव्हते तरी. एका बाजूला पाटा-वरवंटा कोरला, कारण त्यांना स्वयंपाक्याचा दुसरा काही देव माहीत नव्हता. दुसऱ्या बाजूला मराठीत तहाची तीन कलमं. कडेवर भिकाचं नाव, सबंध. दोन भावांना दोन नाणी. मी आजवर तेवढं चांगलं काम त्यांच्या हातचं बघितलं नाही, आणि ते घाटघरकडच्या दोन भांडकुदळ पोरांसाठी होतं.

शेठ त्यानंतर दोन वर्षांनी गेले. दिवसा, गादीवर बसल्या जागी. मुलगा पुण्याहून आला, दुकान भाड्यानं दिलं आणि खण घेऊन गेला. तो कड वाचतो की नुसतं तोंड बघतो, मला माहीत नाही. मी विचारायला गेले नाही.

परवाच्या दसऱ्याला माहेरी गेले होते. पाळी धाकट्याची. थोरला सकाळीच चाकणहून मोटारसायकलवर आला, शर्टाच्या खिशात वीर, वरून हात दाबलेला. दारात उभा राहून ओरडला, "भिका आलाय रं!" तहाची नाणी दोघांच्याही पेटीत पडून आहेत. धाकट्याचं मी काढून बघितलं. कुणी हात लावलेला नव्हता. शेठ म्हणायचे तसंच कोरं करकरीत.

पूजेच्या आधी वीर माझ्या हातात दिला. धाकट्याची सून नवी, कामाला चपळ. चिंचेची वाटी घेऊन माझ्यापुढं बसली.

"आत्याबाई, द्या ना. किती काळा पडलाय. मी मस्त घासून देते."

माझा अंगठा आपसूक त्या जागी गेला होता. मी तो उचलला नाही.